शिलाहारांचे पाय

११ नोव्हेंबर १९९१

पाय जागेवर राहिले आणि माणूस माझ्या हातात आला.

भालाईत होता, डाव्या फळीतला. दिवाळीची आवराआवर संपली म्हणून आज कपाट उघडले. त्याच्या ढालीवरचा तांबडा रंग उडालेला दिसला, तो भरावा म्हणून कमरेला धरून नुसता उचलला, तर घोट्यापासून वरचा सगळा सुटून आला. वाटले, हा एखादाच. शेजारच्याला बोट लावले. तोही. मग घोडेस्वार. मग राजाच्या छत्राखालचे चौघे, एकामागून एक. आवाजसुद्धा होत नव्हता.

पेराएवढी माणसे. वर्तमानपत्राचा छापखाना बदलला तेव्हा मोडीत निघालेले शिशाचे खिळे मी मागून आणले होते. ज्यांनी वर्षानुवर्षे मथळे जुळवले तेच वितळवले, प्लास्टरच्या साच्यांत ओतले आणि त्यांची शिलाहारांची फौज केली. वीरगळांवर दिसतात तशी धोतरे, तसे अंबाडे, तशा ढाली. आधी काळ्या रंगाचा एक हात, मग अंगाचा रंग, मग कपडे, शेवटी डोळे. डोळ्यांना श्वास धरावा लागतो.

पायाखालची जोती मात्र केसरीनाथाची. पुठ्ठ्यावर माणसे चिकटवली की पावसात पुठ्ठा वाकतो आणि रांग दारू प्यायल्यासारखी झुकते. केसरीनाथ बिल्डर. तो म्हणाला होता, "पंत, ह्ये पुठ्ठ्याचा धंदा बंद करा. तुमचे फौजेला आरसीसी करून देतो." बिस्किटाएवढे सिमेंटचे स्लॅब, आणि प्रत्येकाच्या पायातून खाली स्लॅबमध्ये एक टाचणी — त्याच्या भाषेत सळई. ओले होते तेव्हा मी प्रत्येकावर खालून 'मे ८९' असे खरडले. तारखेशिवाय काही सोडायचे नाही ही जुनी खोड. आठवड्याने त्याने आपल्या यादवांची जोती घरी ओतली आणि ओली ओलीच ताटातून घेऊन आला. म्हणे, "यांची बी जन्मतारीख टाका."

आज जोती उलटून बघितली. टाचणीच्या रेषेत तडा, आणि तड्यातून तांबूस ओघळ.

एक डिसेंबरला टेबलावर त्याच्या यादवांशी लढाई ठरली आहे.

१२ नोव्हेंबर

निम्म्याहून अधिक गेले. हत्ती शाबूत नाहीत. तीन नावा आहेत, त्यांना पायच नसल्याने त्या वाचल्या.

विद्युल्लतेला, माझ्या बायकोला, दाखवले. म्हणाली, "ओल धरली असेल. माझ्या पापडांनाही धरली." मग दारातून, "साठीच्या माणसांनी फूटपट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे, आणि एकमेकांची माणसं मारायची. देवालाच बघवलं नसेल."

मी हसलो. वर्तमानपत्रात आयुष्यभर पान मशीनवर जाता जाता कोसळलेले पाहिले आहे — अशा वेळी ओरडायचे नसते, पुन्हा जुळवायला घ्यायचे असते. तेच करतोय. उभे असलेले एकीकडे, पाय गेलेले दुसरीकडे, कामातून गेलेले तिसरीकडे. जुने जोते फोडायचे, टाचणी ओढायची, नवी बसवायची, घोटा लाखेने भरायचा, रंग.

टाचण्या ओढताना हातात भुगा येतो.

१४ नोव्हेंबर

हे लिहिताना जिभेवर ती चव अजून आहे.

ब्रशचे टोक ओठांत धरून टोकदार करायची सवय मला आहे. विद्युल्लतेने सांगून सोडून दिले. आज दुपारी एका जोत्यावरची धूळ ओल्या ब्रशने झाडली आणि न बघता तो तोंडात धरला. खारट.

वाटले, माझाच घाम. ब्रश धुतला, दुसऱ्या जोत्यावर फिरवला, पुन्हा ओठांना लावला. खारट. तिसरे. चौथे. शेवटी जोत्याचा तुकडाच चाटला. विद्युल्लता चहा घेऊन आलेली, ती कप हातात धरून बघत राहिली.

खारी रेती. खाडीची, न धुतलेली. मीठ ओल ओढते, ओल लोखंड खाते, गंजलेले लोखंड फुगते आणि सिमेंट फोडते. खाडीकाठच्या माणसाला हे कोणी शिकवावे लागत नाही.

ही रेती केसरीनाथ दुधाच्या पावडरीच्या डब्यातून घेऊन आला होता. काल्हेरला त्याच्या बिल्डिंगचे काम चालू होते, तिथल्या ढिगातली. डबा ठेवताना म्हणाला होता, "तुमचे फौजेला माझे साइटवरचा माल. येक नंबर."

त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर नीला राहते. माझी मुलगी.

१५ नोव्हेंबर

आज काही रंगवले नाही.

१६ नोव्हेंबर

काल्हेरला जाऊन आलो. नीलाला सांगितले, सहज आलो.

दिवाणखान्यात तिचा बालवर्ग भरलेला. सतरंजीवर पोरे, भिंतीवर तिने काढलेले बदक आणि जहाज. दोनच्या सुमाराला सुरू होतो आणि चारला आया न्यायला येतात. सगळ्या त्याच बिल्डिंगमधल्या, नाहीतर मागच्या गोडाऊनवाल्यांच्या. एका पोराने मला विचारले, "तुम्ही बाईंचे बाबा ना? मग तुम्हाला पण छडी आहे का?" नीला जोरात हसली. वर्ष झाले तिला इथे येऊन. मी तिला इतक्या सुखात कधी बघितले नव्हते.

मी छताकडे बघत होतो.

खिडकीपासून पंख्यापर्यंत एक रेघ. मधे पुट्टीने बुजवलेली, पुन्हा उमटलेली. कडेला तांबूस ओघळ. तीच रेघ. गेले पाच दिवस मी ती जोत्यांवर भिंगातून बघतोय, आता ती हातभर लांब होती आणि तिच्याखाली पोरे 'चांदोबा चांदोबा' म्हणत होती.

"ते होय?" नीला म्हणाली. "केसरीकाकांना सांगितलं होतं मी. त्यांनी लगेच माणूस पाठवून पुट्टी मारून दिली. परत आली बघा. पावसाची ओल असते म्हणाले."

पाणी मागितले. प्यायलो नाही.

१८ नोव्हेंबर

एका स्रोतावर बातमी उभी राहत नाही. तीस वर्षे वार्ताहर पोरांना हेच सांगितले, आता स्वतःला सांगतोय.

रेती पुरवणाऱ्याने फसवले असेल. नदीची म्हणून खाडीची गळ्यात मारली असेल. हे रोज होते.

केसरीनाथ माझ्याकडे पहिल्यांदा आला तो भांडायला. त्याच्या वडिलांच्या निधनाच्या बातमीत आम्ही भलत्याच म्हाताऱ्याचा फोटो छापला होता. मी टेबलाशी उभा, शिव्या खायला तयार. तो बसला. टेबलावर कागद दाबायला ठेवलेला शिशाचा सैनिक उचलला आणि विचारले, "ह्यो कोनचे बाजूचा?" त्यानंतर दर महिन्याचा एक रविवार. नीलाच्या लग्नात पंगतीत वाढायला तो होता.

अशा माणसाला फसवलेच असणार.

१९ नोव्हेंबर

तो आज आला. हातात जिताडा, केळीच्या पानात गुंडाळलेला. "वैनी, आज खाडीने आठवन केली तुमची." विद्युल्लतेने अजून कधी मासा खाल्लेला नाही. तो दर वेळी आणतो, ती दर वेळी शेजारी देते, आणि दर वेळी दोघे तेच बोलतात.

मग टेबल बघितले. "आयला! पंत, लरायचे आधीच मेले का तुमचे लोक?"

"पाय गेले."

"मंग शरन या ना. यादव दयालू हाईत."

तो नेहमी यादवांकडून खेळतो. मी एकदा म्हटले होते, ठाण्याचे राजे शिलाहार, तू खाडीचा माणूस, नावा तुझ्या. म्हणाला, "जे हारले त्यांचे बाजूला मी कदी बसत न्हाय."

मी विचारले, "केसरीनाथ, रेती कुठली होती रे?"

"कनची?"

"जोत्यांची. डब्यातली."

"तानसे नदीची. गोडी." लगेच. विचार न करता.

मी जोत्याचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "चाटून बघ."

तो हसला. तुकडा उलटा केला, सुलटा केला. तड्यावरून अंगठा फिरवला. बिल्डर माणूस, तडा वाचता येतो त्याला. मग तो तुकडा हळूच टेबलावर ठेवला, अगदी कडेला, जिथून मी घेतला होता तिथेच.

"पावसाला दोष द्या, पंत. मी नवी जोती ओतून देतो."

चहा अर्धा सोडला. चप्पल घालताना, पाठमोरा, "नीला बरी हाय ना?"

चाटून बघितले नाही त्याने.

२१ नोव्हेंबर

श्रीनाथला बोलावले. माझा भाचा, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. लढायांचा पंचही तोच, इंग्लंडहून नियमांचे पुस्तक त्यानेच आणले. जोत्याचा चुरा पाण्यात ढवळला, गाळला, कॉलेजातून आणलेले सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले. पाणी दुधासारखे झाले.

"मीठ," म्हणाला. "बेसचं एवढं काय मनावर घेता, मामा?"

मग मी सांगितले, ही रेती कुठल्या ढिगातली.

तो उठलाच. दोघे रिक्षाने काल्हेरला. नीलाला म्हणाला, कॉलेजच्या कामासाठी बिल्डिंग बघतोय. छोट्या हातोडीने छतावर, तुळईवर, जिन्याच्या खांबांवर टकटक करत गेला. काही ठिकाणी आवाज भरीव. काही ठिकाणी डबा वाजवल्यासारखा. दिवाणखान्यात डबा.

खाली आल्यावर हातोडी पिशवीत टाकली. मग, "उद्या पडणार नाही. पण कधीच पडणार नाही, असं मी लिहून देणार नाही. खांबांना कवच घालावं लागेल, स्लॅब तोडून नवे टाकावे लागतील. होऊ शकतं सगळं. बिल्डर उभा राहिला तर. आणि तो वर्ग बंद करा, मामा. आजच."

२२ नोव्हेंबर

नीला आणि माधवला घरी बोलावून सांगितले.

जावई आधी हसला. मग चिडला. "केसरीकाका? काहीतरीच. त्यांनी आम्हाला सगळ्यात आधी निवडायला दिलं होतं. बाबा, तुमच्या खेळण्यांवरून तुम्ही माणसाला..."

शिलाहारांच्या तुटक्या पायांची थाळी नीलाने मांडीवर घेतली आणि एकेक जोते उलटून बघत राहिली. छताची रेघ रोज बघते ती. तिला भिंग लागले नाही.

"वर्ग उद्यापासून इथे भरवते," म्हणाली. पोरांना कसे आणणार, ते बोलली नाही. मग विचारले, "बाबा, काकांना माहीत होतं?"

सगळे या एका प्रश्नावर अडले आहे. तो फसलेला असेल तर बिल्डिंग वाचेल. घरदार विकून खांब बांधून देईल, मला माहीत आहे तो. आणि माहीत असेल तर तो आजवर पुट्टी मारत आला, पुढेही पुट्टीच मारेल.

२४ नोव्हेंबर

सुचले. इतका साधा पुरावा, आणि मी दहा दिवस डोके धरून बसलो.

यादव.

त्याने आपली जोती त्याच महिन्यात स्वतः ओतली. फसला असेल तर तीच रेती वापरली असणार. म्हणजे यादवांचेही पाय गेले असणार.

इतकी वर्षे ती फौज मोडायला टपलो होतो. आता देवापुढे उभा राहून मागतोय की ती मोडलेली असू दे. विद्युल्लतेने विचारले, "काय पुटपुटताय?" म्हटले, "हत्ती पडू देत." ती कपाळाला हात लावून आत गेली.

२६ नोव्हेंबर

केसरीनाथाचा फोन. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पंत, माझे बी परले. हत्ती आनि सगले. तुमचे बगून कपाट उघरला तर काय, खलास. दुरुस्त करून आनतो रविवारी."

हुश्श. विद्युल्लतेला सांगितले, नीलाला शेजाऱ्यांच्या फोनवर सांगितले. रविवारी लढाई झाली की त्याला बसवून सगळे सांगायचे, श्रीनाथ असेलच. तिघे मिळून मार्ग काढू.

दिवसभर रंगवले. डोळे चांगले उतरले.

१ डिसेंबर

जमेल तेवढे नीट लिहितो.

टेबलावर निळा कागद — खाडी. वाळूच्या जागी मी लाकडाचा भुसा रंगवून टाकला होता. माझी फौज अर्धी, लाखेच्या घोट्यांवर उभी. श्रीनाथ फासे आणि फूटपट्टी घेऊन बसलेला.

केसरीनाथ उशिरा आला. दोन ताटे, वर धुतलेला पंचा. ताटे ठेवली, पंचा काढला. यादव. हत्ती पुढे, मागे भालाईत, झूल पिवळीधमक. एकही वाकडा नाही.

"केले बाबा सगले दुरुस्त," म्हणाला. "हात दुखले."

सुंदर दिसत होते. मी कौतुकाने एक हत्ती उचलला. सवयीने उलटा केला.

मे ८९. माझ्या अक्षरात.

दुसरा उचलला. मे ८९. घोडेस्वार. मे ८९. कडा कोऱ्या करकरीत, तडा नाही, डाग नाही. नवे जोते एकही नव्हते, पडलेला माणूस एकही नव्हता. ब्रश हाताशीच होता. ओला करून जोत्यावर फिरवला आणि ओठांना लावला. श्रीनाथ बघत होता. केसरीनाथही.

काहीच चव नाही. गोडी.

"यांची रेती कुठली?" मी विचारले.

"घरची," तो म्हणाला. तोंडातून निघून गेले. त्याच उन्हाळ्यात गावात त्याचा बंगलाही बांधून होत होता. त्याचा ढीग वेगळा. यादवांची जोती ओतायला तो अंगणात उतरला असेल आणि समोरच्या ढिगातली मूठ उचलली असेल. माझ्यासाठी साइटवरून डबा भरून घेतला. माझे वाईट करायला नाही. तिथे होता म्हणून.

म्हणजे दोन ढीग होते, आणि कुठला कुठे जायचा हे ठरवणारा एकच माणूस होता.

त्यालाही कळले, आपण काय बोलून गेलो ते. खाली बसला. श्रीनाथच्या मुठीत फासे तसेच.

"बंगल्याला किती रेती लागते, पंत? बिल्डिंगला किती लागते? खाडीचे कडेला तानसेची रेती आनतो कोन? माझे आजूबाजूला समदे हीच वापरतात. वीस वर्सं काय व्हत न्हाय."

"दोन वर्षं झाली," श्रीनाथ म्हणाला.

"फोनवर खोटं का बोललास?" मी विचारले.

त्याने हत्ती उचलून परत रांगेत ठेवला. म्हणाला, "मी तुमाला बोल्लो व्हतो. पोरीला काल्हेरला धारू नका. लांब परंल. भिवंडीतच बगा. तीनदा बोल्लो."

खरे आहे. बोलला होता, याच खोलीत. मला वाटले होते, मैत्रीत व्यवहार नको म्हणून संकोचतोय. मीच हट्ट धरला. मीच म्हटले होते, तुझ्या हाताखालचे घर असताना दुसरीकडे का बघू?

इतर घरांतल्या लोकांना मात्र तो काही बोलला नव्हता. त्यांनी विचारले नव्हते.

तो उठला. ताटे तशीच टाकून गेला. टेबलावर यादव उभे आहेत, सगळेच्या सगळे.

२ डिसेंबर

बातमी लिहिली. श्रीनाथची चाचणी, खांब, छत, बालवर्ग. पहिल्याच वाक्यात केसरीनाथाचे नाव. ठाण्याला कचेरीत जाऊन स्वतः दिली, माझ्या जागी आता जो बसतो त्याच्या हातात. त्याने विचारले, "समोरच्याचं म्हणणं घेतलं?" मी म्हटले, "काल घेतलं."

खोटे नाही ते. पण रोज दुसऱ्यांना जे करायला लावले ते मी केले नाही. फोन उचलून 'उद्या छापतोय, तुला काय सांगायचे आहे' असे विचारले नाही. पान सुटायला तासभर होता. विचारता आले असते.

नीला आणि माधव कालपासून आमच्याकडेच आहेत. उद्या त्यांचे सामान आणायचे.

३ डिसेंबर

सकाळी काल्हेर. नीलाच्या दाराला कुलूप नव्हते. कडी वाजवली तर केसरीनाथाने उघडले, बिल्डरकडची किल्ली त्याच्या कमरेला. आत त्याची बायको, कमळावहिनी, फळीवर भांडी लावत होत्या. त्यांची स्वतःची भांडी. दिवाणखान्याच्या मधोमध, त्या रेघेखाली, लाकडी टेकू उभे केलेले, त्यांच्यामध्ये दोघांची वळकटी. खाली जिन्याशी तानसेच्या रेतीचा ट्रक मी येताना पाहिला होता, कोणाचा ते कळले नव्हते.

त्याने बंगल्याची चावी माझ्या हातावर ठेवली. "पोरीचा वर्ग तितं भरवा. हितले सगले खांब व्हईपर्यंत आमी दोघं हितंच."

माझ्या काखेत आजचा अंक होता. "वाचलास?" मी विचारले.

"वाचला," तो म्हणाला. "पन सामानाचा टेम्पो काल सांजचाच भरला व्हता, पंत."